पदराखालचे हात

बाई, काल बल्लारपूर स्टेशनवर मी दोन्ही हात पदराखाली घेऊन बसले होते. आम्हा बंगाली सवाष्णींच्या हातात असते ती शंखाची पांढरी बांगडी आणि तिच्याजवळची लाल, दोन्ही झाकून. शेजारच्या बाईंनी आपणहून चिवडा पुढे केला, तो घ्यायला मी हात बाहेर काढले, चार गोष्टी झाल्या, मग माझ्या हातांकडे बघत कौतुकाने म्हणाल्या, "मराठी किती साजरी बोलता हो! तिकडून कधी आल्या?" मी म्हटलं, माझा जन्मच इकडचा, मुलचेऱ्याचा; निर्वासित म्हणून आले ते आईबाबा. समोरच्या माणसाने मोबाईलमधून मान वर केली. "आधार कार्ड ठेवत जा सोबत. बांगलादेशी म्हणून पकडून राह्यले म्हणे आता." दोघंही हसली. वाईट असं कुणी काही बोललं नाही, पण हात पुन्हा पदराखाली गेले ते गेलेच.

तुम्ही असता तर माझ्यावरच रागावला असता. कोरपन्याहून तुम्ही आमच्या गावच्या शाळेत आलात तेव्हा मला मराठीची धड दोन वाक्यं येत नव्हती. त्या वर्षी आम्हाला खेळांना घेऊन निघालात, ती बस आठवते. कंडक्टर म्हणतो, "ए बंगाली, मागं सरक." तुम्ही उभ्या राहता. "तिले नाव हाये. नाव घेऊन बोला." मला अभिमान वाटायला हवा, पण मी तुमच्या साडीचं टोक मुठीत धरून उभी आहे, हा आता आपल्याला जंगलातच उतरवतो की काय म्हणून.

भीतीचं वगळून ती गोष्ट मी लेकीला कितीदा तरी सांगितली. आता ती चंद्रपूरला दवाखान्यात नर्स आहे, बल्लारपुरात नव्या संसारात आहे, रोज गाडीने जाते. डब्यातले रोजचेच लोक तिला म्हणतात, "बांगलादेशी मॅडम, सरका जरा." प्रेमानेच म्हणतात म्हणे. परवा तिने ऐकवलं, "नाव घेऊन बोला." एकाने मोबाईल काढून तिचं शूटिंग केलं. ते ऐकल्यापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही. ते कुठे कुठे फिरेल, कोण दारात येईल, कुणास ठाऊक!

म्हणून काल मी तिला सांगायला गेले होते, की गाडीत चढताना तेवढ्या बांगड्या काढून पर्समध्ये ठेव. पण नवरा असताना त्या उतरवत नाहीत आमच्यात. बाबा गेले तेव्हाच आईच्या हातातल्या काढल्या होत्या. तसलं अभद्र मीच माझ्या लेकीला कसं सांगू?

ड्यूटीहून ती आली. अख्ख्या प्लॅटफॉर्मला ऐकू जाईल अशा बंगालीत तिने विचारलं, "मा, हात का लपवलेस? थंडी वाजते?" बल्लारपूरचं मे महिन्यातलं ऊन, बाई. मी हळूच मराठीत म्हटलं, "हो." तिने माझे हात बाहेर ओढले आणि आपल्या हातात धरून बसली. तिच्या बांगड्या माझ्यांवर वाजत होत्या. मला सांगवलं नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून एवढं लिहिते. परतीच्या बसमध्ये एकाने सहज विचारलं, "गाव कोणतं बाई तुमचं?" हात पुन्हा पदराखाली होते. मी कोरपना सांगितलं. तुमचं गाव.