एकोणसाठावा खेळाडू

ओस्टरवेल, आयोवा
बुधवार, ५ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप विल्मा आत्यास,

केझायाचा आदरपूर्वक नमस्कार. ॲरिझोनाचं ऊन तुझ्या गुडघ्यांना मानवत असेल आणि आर्ट काकांनी गोल्फच्या गाडीवरून पडायचं थांबवलं असेल अशी आशा करते. इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे. आई, बाबा आणि धाकटे पाचजण खरोखरच खुशाल आहेत. मी नाही. गेल्या शनिवारी आपलं कॉलेज कॅल्डर क्रीकला त्यांच्याच मैदानावर हरवून आलं. अठरा वर्षांनी. हे सांगायला तुला निदान सातजणांचे फोन आले असतील. त्यातल्या कोणीही पुढची गोष्ट सांगितली नसणार, कारण ती अजून फक्त दोघांना माहीत आहे, मला आणि कोच रोझबूमना, आणि कोचना ती विसरायची आहे.

कॉलेजच्या क्रीडा कार्यालयातल्या ज्या खुर्चीत तू बावीस वर्षं बसलीस त्याच खुर्चीत मी तुझ्या शब्दावर बसले, त्याला आता अकरा महिने झाले. डिसेंबरात वर्ष भरलं की मला कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरेल. खुर्ची तीच आहे (डावा पाय अजून डुगडुगतो), पण कॉलेज तुझ्या वेळचं राहिलेलं नाही. तुझ्या वेळी फुटबॉलच्या संघात सत्तर मुलं होती. आता एकशे सव्वीस आहेत. आपल्याकडे खेळाडूला शिष्यवृत्ती देत नाहीत, उलट तोच पूर्ण फी भरतो, आणि ही युक्ती आपल्या अध्यक्षांच्या लक्षात आल्यापासून वसतिगृहाची एक खोली रिकामी राहिलेली नाही. शेजारच्या सहाही राज्यांत फिरून कोच प्रत्येक मुलाच्या आईसमोर बसतात, तिच्या हातचा केक खातात आणि सांगतात, “आम्हाला नेमका असाच मुलगा हवा होता.” एकशे सव्वीस आयांना त्यांनी हे सांगितलं आहे. मैदानावर एका वेळी अकराच मुलं उभी राहू शकतात, हे त्यांनी एकीलाही सांगितलेलं नाही. आणि पाठीवरचे आकडे नव्व्याण्णवच्या पुढे जात नाहीत, म्हणून सत्तावीस आकडे दोन-दोन मुलांना वाटून दिले आहेत. दोघं एकदम मैदानात उतरले नाहीत म्हणजे झालं, अशी नियमात सोय आहे. ज्याने ही सोय काढली त्याला बहुधा कधी यादी करावी लागली नसेल.

यादी मी करते. आपल्या नऊ कॉलेजांच्या मंडळाचा नियम तुला माहीत आहेच: परगावी खेळायला जाताना अठ्ठावन्न मुलांनीच गणवेश घालायचा. गुरुवारी मी कोचकडून अठ्ठावन्न नावं घेते, प्रत्येकाची हजेरी आणि गुण तपासते, यादी मंडळाला पाठवते आणि खाली सही करते. पुढच्या शुक्रवारी दुपारी बारापर्यंत आणखी एक कागद पाठवायचा असतो, की माझ्या माहितीप्रमाणे सामन्यात सर्व नियम पाळले गेले. त्यावरही माझीच सही. आजवर नऊ सह्या केल्या आणि नवांच्या नवांवर शांत झोपले. शाळेऐवजी आईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर चौदा वर्षं शिकल्याचा हा परिणाम असावा. तिथे मी उत्तराकडे नुसतं बघितलं तरी आई पेन्सिल खाली ठेवायला लावायची, आणि नाही बघितलं तरी मी स्वतःच ठेवायचे.

आता भाकितांचं सांगते, कारण त्याशिवाय माझी अडचण तुला कळणार नाही. आपल्या साप्ताहिकात तिसऱ्या पानावर शनिवारच्या सामन्यांची भाकितं येतात. भाकीत सांगणारे पाचजण. त्यातले हार्डवेअरवाले मिस्टर क्लूट सप्टेंबरात वारले, आणि संपादक अर्डिथबाईंनी ती जागा मला दिली. (बक्षीस नाही, पैज नाही, म्हणजे हा जुगार नाही, असं मी मंडळाकडून लेखी मागवून घेतलं आहे. तीन पत्रं लागली.) उरलेले चौघं म्हणजे पाद्री, खाटीक, बँकेचे मॅनेजर आणि ड्यूक. ड्यूक हा अर्डिथबाईंचा कुत्रा आहे. त्याच्यापुढे दोन वाडगे ठेवतात, ज्याच्यात आधी तोंड घालेल तो संघ जिंकणार. या मोसमात ड्यूक सगळ्यांच्या पुढे आहे. पाद्री शेवटचे आहेत आणि ते याला नम्रतेचा धडा म्हणतात.

कॅल्डर क्रीकच्या आठवड्यात मात्र एक अलिखित रीत आहे. त्या आठवड्यात सगळ्यांनी ओस्टरवेलच जिंकणार असं लिहायचं. अठरा वर्षं सगळ्यांनी तसंच लिहिलं आणि अठरा वर्षं सगळे चुकले. ड्यूकसुद्धा चुकला, कारण त्या आठवड्यात दुसऱ्या वाडग्यात काही घालतच नाहीत. मला ही रीत कोणी सांगितली नाही. मी मागच्या सात सामन्यांचे आकडे मांडले, सरासरी काढली आणि लिहिलं: कॅल्डर क्रीक ३१, ओस्टरवेल १०.

आत्या, मी चर्चची खिडकी फोडली असती तरी लोक इतके बिथरले नसते. खाटकाने मला दोन पौंड बोलोना सॉसेजऐवजी नुसती टोकं बांधून दिली. सामन्याआधीच्या रविवारी चर्चनंतर कॉफीला हॅमचे पाव वाटत होते, तेव्हा एव्हलिन फेनेमा माझ्यापाशी येऊन थांबली आणि म्हणाली, “तुला नको असेल ना गं? तुला आपलं काहीच आवडत नाही असं ऐकलं.” आणि ताट पुढे! ज्या गावाला सरासरी काढणं म्हणजे फितुरी वाटते, त्याने कॉलेज तरी कशाला काढलं?

आणि मग आपण जिंकलो. सतरा-सोळा. शेवटचे चार सेकंद उरले होते, कॅल्डर क्रीकला अगदी जवळून चेंडू खांबांमधून मारायचा होता, गेला की तीन गुण आणि सामना त्यांचा, माझ्या धाकट्या भावानेही मारला असता. तेवढ्यात आपला चव्वेचाळीस नंबर धावत आत आला, दोन मुलांच्या मधून घुसला आणि चेंडू त्याच्या छातीवर आदळून परत गेला. पुढचं तुला फोनवर कळलं असेलच. कोचना खांद्यावर घेतलं, बँकेचे मॅनेजर रडले, आणि परतीच्या वाटेवर पेट्रोल पंपावरचे सगळे डोनट संपले.

सोमवारी अर्डिथबाईंनी पहिल्या पानाचा फोटो माझ्याकडे पाठवला, खाली नाव काय लिहू म्हणून. चव्वेचाळीस नंबर दोघांना आहे, पण यादीत एकच होता, मिका स्टाल. तरी मी मिकाला फोन केला. (विचारायची गरज नव्हती. मी विचारते.) तो म्हणाला, “मी कुठला? मी तर तिसऱ्या सत्रापासून नाकाला बर्फ लावून बाकाच्या टोकाला बसलो होतो.” मग फोटोतला कोण? दुसरा चव्वेचाळीस, ओवेन टेरबीस्ट. दोन वर्षांत एक मिनिटही न खेळलेला, माझ्या यादीत नसलेला.

तो तिथे पोहोचला कसा, ते ऐक आणि आपल्या शास्त्रशुद्ध प्रशिक्षणाला हात जोड. संघाच्या खोलीच्या दारावर यादी लागते, तीवर या वेळी फक्त आकडे होते. ओवेनने चव्वेचाळीस वाचला, आजीला फोन केला, दोघं फोनवर रडली. पहाटे तो बसपाशी आला. दाराशी कोच हातात यादी घेऊन खुणा करत होते, नावांवर नव्हे, आकड्यांवर, कारण एकशे सव्वीस तोंडं त्यांना पाठ नाहीत. मिका चढला, चव्वेचाळीसवर खूण. थोड्या वेळाने ओवेन चढला. चव्वेचाळीसवर खूण होतीच. “मला वाटलं, लघवीला उतरून परत आला असेल,” असं कोच मला म्हणाले. सत्तावीस वर्षांचा अनुभव असलेले प्रशिक्षक! अठ्ठावन्न जागांमध्ये एकोणसाठ मुलं दोनशे मैल गेली, एक मुलगा चेंडूंच्या पोत्यावर बसून गेला, आणि कोणालाही काही वेगळं वाटलं नाही. शेवटी कोच ओरडले, “चव्वेचाळीस, आत!” मिकाने ऐकलं नाही. ओवेनने दोन वर्षं ऐकायची वाट पाहिली होती.

मी मंगळवारी सकाळी कोचच्या खोलीत गेले आणि सगळं मांडलं. कोचनी दार लावून घेतलं.

“पोरी, अठ्ठावन्न आणि एकोणसाठ यांत असा फरक तो काय?”

“एकाचा.”

“तेच म्हणतोय मी. एकाचाच!”

“पण सामना त्याच एकाने जिंकला, कोच.”

“मग? बाकीच्या अठ्ठावन्नांनी हरत आणलाच होता की!” हे बोलून त्यांना स्वतःलाच बरं वाटलं नाही. मग ते खुर्चीत बसले आणि हळू आवाजात म्हणाले, “शनिवारी मिरवणूक आहे. आणि तू कळवलंस, विजय काढून घेतला, तर लोक काय म्हणतील सांगू? भाकीत चुकलं म्हणून व्हेल्डकाम्पांच्या पोरीने निकालच फिरवला.”

हे त्यांचं खरं आहे, आणि त्याचाच मला सर्वांत राग आहे. विजय गेला की माझं भाकीत आपोआप बरोबर ठरतं. म्हणजे खरं बोलावं तर मी सुडाने बोलते असं दिसणार, आणि गप्प बसावं तर शुक्रवारी बाराच्या आत खोटी सही करावी लागणार. सही केली नाही तर डिसेंबरात खुर्ची गेली. घरी मी नुसतं ‘अडचण आहे’ एवढंच सांगितलं. आई म्हणते, प्रार्थना कर. बाबा म्हणतात, आईचं ऐक. दोन रात्री मी आढ्याकडे बघत स्वतःला विचारलं, केझाया, चेंडू खांबांमधून गेला असता तर तुला बरं वाटलं असतं का? उत्तर मिळालं ते मी इथे लिहीत नाही.

असो. माझा निर्णय झाला आहे. ज्या गावाला कुत्र्याचं भाकीत चालतं आणि सरासरी चालत नाही, जिथल्या प्रशिक्षकाला साठच्या आतलं मोजता येत नाही, त्यांच्या मिरवणुकीसाठी मी माझं नाव खोट्या कागदावर लिहिणार नाही. मंडळाला दोन पानी निवेदन लिहून पाकीट बंद केलं आहे. लोक बोलतील ते बोलोत. आर्ट काकांना नमस्कार सांग, निवडुंगाला सांभाळून पाणी घाल, आणि माझ्याबद्दल कोणी फोन केला तर आधी माझं हे पत्र आठव.

तुझी,
केझाया

ता. क. ते बंद पाकीट याच पाकिटात घातलं आहे. मंडळाचा पत्ता वर आहे, तिकीट लावलेलं आहे. तू वाच, आणि तुला योग्य वाटलं तर तिकडून टाक. वाटलं नाही तर टाकू नकोस. याला भित्रेपणा म्हणू नये. तुझा अनुभव मोठा आहे. (ॲरिझोनाला पत्र पोहोचेपर्यंत शुक्रवार उलटून जाईल, हे माझ्या आत्ता लक्षात आलं.)

ता. क. दुसरा, शुक्रवार. पाकीट फोडून निवेदन बाहेर काढलं, म्हणून कडा फाटली आहे, क्षमस्व. एक गोष्ट वर लिहायची राहिली. राहिली नाही, मी मुद्दाम मागे ठेवली. दारावरच्या यादीतली नावं मी काढली होती. विद्यार्थ्यांची खाजगी माहिती उघड्यावर लावू नये असं एक परिपत्रक आहे. त्यात नावं येतात का, हे कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून खबरदारी म्हणून मी नुसते आकडे लावले. कोणी मागितलं नव्हतं. काल दुपारी बर्फातून कोचच्या घरी गेले आणि हे सांगितलं. त्यांनी निवेदन उभ्याउभ्याच वाचलं, ‘चूक माझी’ या माझ्या ओळीवर काट मारली आणि खाली लिहिलं, ‘बसच्या दाराशी मोजणारा मी होतो. चूक माझी.’ मी म्हटलं, माझी ओळ तशीच राहू द्या. ते म्हणाले, “मुकाट्याने घरी जा, नाहीतर दोघांच्या चुकांची पण यादी करायला लावशील.” शेवटी दोन्ही ओळी ठेवल्या, दोघांच्या सह्या झाल्या, आणि त्यांनी एकच मागितलं, की मुलांना ते स्वतः सांगतील. ओवेनला सगळ्यांत आधी, इतर मुलांपासून वेगळं, त्याच्या आजीसमोर. आज सकाळी अकरा वाजता विजय गेला. मिरवणूक रद्द. खाटकाचं दुकान मी पुढचे काही महिने टाळणार आहे. अर्डिथबाई फोटो पहिल्या पानावर छापणारच आहेत, खाली ओवेनचं पूर्ण नाव घालून. चेंडू त्याच्याच छातीला लागला, ते काही मंडळाने रद्द केलेलं नाही.

ता. क. तिसरा. पत्राचं खरं कारण हे. पुढच्या सामन्यापासून बसच्या दाराशी मी उभी राहायचं, तोंडं बघून मोजायचं, असं कोचनी ठरवलं आहे, म्हणजे डिसेंबरनंतरही मी असेन असा मी अर्थ काढते. पहाटे साडेपाचला. अंगणातला नळ गोठला आहे आणि माझ्या बुटांचे तळ गेले आहेत. तुझे लोकरीच्या अस्तराचे बूट आमच्या तळघरात आहेत, तुला तिकडे ते लागत नसावेत. परवानगी असेल तर कळव. नसेल तरी कळव. मी ते कालपासून घालते आहे.