लालीबाईंच्या आजीचा दगड

प्रेमसिंग नाईकाचा तांडा, ता. पुसद
१२ डिसेंबर १९६१

तीर्थरूप बाबांना कुंदाचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. शाळेत मुलं येऊ लागली आहेत, खोलीच्या दाराला चांगली कडी आहे आणि शेजारच्या लालीबाई मला एकटीला जेवू देत नाहीत. तेव्हा काळजी नको. बाभुळगावात थंडी पडली का? तुमचा खोकला कसा आहे?

इथे कुठेही बोट दाखवा, जुनी गोष्ट निघतेच. तांड्यामागे चिंचेखाली एक दगड आहे. त्याला शेंदूर नाही, तरी बायका जाता-येता त्याला हात लावतात. काल मी लालीबाईंना कारण विचारलं.

"माह्या आजीचा जनम इथं झाला," त्या म्हणाल्या. "तवा घर कुठं होतं? बैलांवर मीठ लादून समदे चालत होते. तिच्या मायले कळा आल्या अन् पुरा तांडा इथंच थांबला. मंग माह्या बापानं घर बांधाले हीच जागा धरली." आणि सहज विचारलं, "तुही माय कोन्या गावची वं, बाई?"

बाबा, मला सांगता आलं नाही. आई गेली तेव्हा मी रांगत होते. पुढे तिचं नाव काढलं की तुम्ही उठून बाहेर जायचात, म्हणून मी विचारणं सोडलं. लालीबाईंनी माझा हात धरून त्या दगडावर ठेवला.

आईचं गाव कुठलं? तिच्या घरापुढे कोणतं झाड होतं? बोलणं जड जात असेल तर लिहून कळवा. नाताळच्या सुट्टीत मी तिथे जाणार आहे. तुम्ही सोबत याल?

तुमची,
कुंदा