पन्हळ तशीच राहील

आईस सलाम. इकडे ट्युनिसला दुकान ठीक चाललं आहे, माझा खोकलाही पुष्कळ कमी आहे.

काल धाकट्याचा, फरजानीचा फोन आला. "दादा, घरात आता नळ आहे. छपराची पन्हळ तोडतो आणि अंगणातलं टाकं बुजवतो. गेल्या वर्षी पाण्याला केवढा वास मारत होता."

मी म्हणालो, "वास तुझ्या आळसाचा होता. मोसमाचा पहिला पाऊस गल्लीत सोडायचा, तोवर टाक्याच्या तोंडाला बोळा ठेवायचा, हे आपल्या जेर्बा बेटावर शेंबडं पोरही जाणतं. छपरावरची कबुतरांची घाण आत घेतलीस तू, आणि शिक्षा टाक्याला?"

तो रुसला आहे. रुसू दे. अल्ला छपरावर गोडं पाणी उतरवतो. ते नाकारून तुला नळाचं खारट पाणी मी पाजणार नाही.

गुडघे कसे आहेत? खरं सांग. शिडी चढू नकोस. सप्टेंबर संपायच्या आत, पाऊस सुरू होण्याआधी, दुकान बंद ठेवून मी येतो. पन्हळीतली अंजिराची पानं काढीन, छपराला चुना देईन. फरजानी पहार घेऊन आलाच तर त्याला वर पाठव. मी पन्हळीपाशीच बसलेला असेन.

तुझ्या दुआवर तगलेला,
आयूब