दादानं ठोकलेला खिळा

रविवार, १८ जानेवारी १९८७, बालाघाट

आज व्हॉलीबॉलात तिरोडीच्या पोरींले हरवून आलो! "हरली तं खेळ बंद," असं आईनं निघतानाच बजावलं होतं.

सुरुवातीले माझे सगळे स्मॅश लाइनीबाहेर. काहून? समजेचना. मग पाह्यलं, तर त्यांच्या खाणीच्या मैदानावरचं नेटच खाली! आमच्या इथं दादानं खांबाले खिळा ठोकला तो त्याच्या टीमच्या पोरांच्या नेटच्या उंचीवर. त्याच खिळ्यावर नेट बांधून आम्ही रोज खेळतो. पोरींचं नेट खाली असते, हे कोणाले माहीत? मग काय, मी धडाधड खाली आपटत सुटले.

रेफरी बाई म्हणाल्या, "बाहेरच्या देशात पोरींची लीग असते, खेळाचा पगार भेटते. आपल्याकडेही होईल कधीतरी."

आईले सांगितलं तर हसली. "पगार? उड्या माराचा?" पण तांदूळ निवडता निवडता हळूच विचारलं, "किती देत असतील वं?"

दादा बिचारा खजील. खिळा खाली ठोकाले हातोडी शोधून राह्यला. सापडणार नाही. माझ्या उशीखाली आहे. रोज उंच नेटवर खेळले म्हणून तं आज असं आपटता आलं. लीग येईल तेव्हा येईल, खिळा मात्र वरच राहील.