उर्वशीचं नाव

संपादक महोदय,

तुमचं उत्तर मिळालं. सिकलसेल हा रक्ताचा आजार आमच्या भागात सर्रास आढळतो, त्यामुळे माझ्या केस रिपोर्टमध्ये तुमच्या वैद्यकीय नियतकालिकाच्या वाचकांसाठी नवीन काही नाही, असं तुम्ही कळवलंय. हवं तर 'संपादकांना पत्र' या प्रकारात थोडक्यात पाठवा, असंही सुचवलंय. म्हणून लिहायला बसले, पण हे पाठवणार नाही.

मी कुरखेड्याच्या बाजूला, जंगलातल्या छोट्या दवाखान्यात डॉक्टर आहे. उर्वशी बारावीत होती. धान रोवायला दिवसभर चिखलात उभी राहिली, अंगदुखीने तळमळत माझ्याकडे आली आणि तिला चढवायचं रक्त शहरातून येईपर्यंत गेली.

लेखासाठी परवानगी मागितली तेव्हा तिच्या आईने, मनकर्णाबाईने, लगेच अंगठा दिला. "पोरीचं नाव पुस्तकात येईन ना, बाई?" रुग्णाचं नाव तुम्ही छापत नाही, फोटो घेतलाच तर डोळ्यांवर काळी पट्टी लावता, हे तिला सांगायला माझी जीभ रेटली नाही. दर बाजाराच्या दिवशी ती दारात येते.

"आली का पोरगी छापून?"

"अजून नाही."

आज आली, पण तिने ते विचारलंच नाही. धाकट्या रंजीताला पाठीवर घेऊन आली होती. पोरगी गुडघे धरून कण्हत होती. मनकर्णाबाई एवढंच म्हणाली, "हिचंबी तसंच दुखून राह्यलं."

तुमच्या नियमावलीत मी वाचलंय, एकापेक्षा जास्त रुग्ण असले तर तुम्ही केस सिरीज म्हणून घेता.

ती मला लिहायची नाही.

रंजीताच्या खाटेशेजारून,
डॉ. निशात शेख