आमेन म्हंजे व्हय

राणीआक्कास,

आई गेल्यापासनं मी एका गावात टिकलो न्हाय, तुला ठाऊकच हाय. सध्या निपाणीत हाय. इथं तंबाखूच्या वासानं शिंका... ते राहू दे. विडी वळणाऱ्या अंबुबाईंच्या घरी रविवारी येशूची प्रार्थना असते. चहा मिळतो म्हणून गेलतो. आई गेल्याचं सांगितलं, तशी त्यांनी तिचं नाव घेऊन प्रार्थना केली. सगळे "आमेन" म्हणाले, मी सवयीनं "व्हय" म्हणालो. पोरी फिदीफिदी हसल्या. अंबुबाई म्हणाल्या, "आमेन म्हंजे व्हयच की रं. येशूला काय तुझ्या वडगावचं बोलणं कळत न्हाय?"

आक्का, तिथंच रडलो. आईसाठी पहिल्यांदाच. आता वखारीत पोती उचलताना, चहा फुंकताना, येशूशी आपल्याच बोलीत बोलतो. लई हलकं वाटतं. तू देवघर पुसता पुसता रागावशील, म्हणून पत्र खिशातच ठेवतो. पण पावसाळा सरला, तरी पुढच्या गावाला जायला मी पिशवी भरलेली न्हाय.

तुझा धाकटा,
मंथन