बंदरं किनाऱ्याचीच

१४ मार्च, रविवार सकाळ

प्रिय चिमणे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे मजेत. बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण दुकानात बसल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. शिलाईचं नवं मशीन आलंय. त्याच्याशी त्यांचं पटत नाही, दिवसभर त्याला बोल लावत असतात. कामाच्या ढिगामुळे मला फोन करता आला नाही.

ढीगबीग काही नव्हता. मी रुसलो होतो.

एवढा घोडा झालो आणि इंटरनेटवरच्या लुटुपुटीच्या सरकारवरून रुसलो! पण या खेळातला महासंघ मी उभारला, राज्यघटना मी लिहिली, सर्व्हर माझा, केंद्रप्रमुखही मीच. तू किनारा प्रांताची प्रमुख झालीस तेव्हा वाटलं, घरचंच माणूस, सांगू ते ऐकेल. म्हणून बंदरं केंद्राकडे घेण्याचा हुकूम काढला, तर तू मला थेट न्यायालयात खेचलंस!

सुनावणीला मी स्पीकर लावून बसलो होतो. तू म्हणालीस, "केंद्रप्रमुखांचा मला आदर आहे. सायकल मला त्यांनीच शिकवली. पण घटनेत बंदरं प्रांतांची आहेत, आणि ते कलमही त्यांनीच लिहिलंय."

न्यायाधीशबाई एरवी गुरांच्या डॉक्टर. त्यांनी दोन वाक्यांत माझा हुकूम रद्द केला. लगेच आपल्या गृहमंत्र्याचा निरोप आला, "साहेब, सर्व्हर तुमच्या हातात आहे. न्यायालयच पुसून टाका."

खोटं कशाला बोलू, बोट बटणापर्यंत गेलं होतं.

"ही वकीलबाई कोण रे?" मागून आवाज आला. बाबा दारात उभे होते, गळ्यात टेप तशीच.

"आपली चिमणी."

"आपली?" ते स्टुलावर टेकले. "परत लाव."

रेकॉर्डिंग लावलं. नीट ऐकू यावं म्हणून त्यांनी चष्मा चढवला! सायकलचं वाक्य आलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी खिडकीकडे.

"कायदा शिकायचा म्हणत होती ना?"

"हो. तुम्ही नको म्हणालात."

ते गळ्यातली टेप काढून गुंडाळू लागले. म्हणाले, "अजून प्रवेश मिळतो का, विचार तिला."

बटणाला मी हात लावला नाही. तरी मान्य म्हणायला जीभ रेटेना, म्हणून आठवडाभर गप्प राहिलो. काल सगळ्यांसमोर निकाल स्वतः वाचला, तो तू ऐकलासच. आवाज कापला तो माइकमुळे. गृहमंत्री तणतणत राजीनामा देऊन गेला. जाऊ दे. मला तर ज्याला त्याला सांगावंसं वाटत होतं, की ही माझी बहीण.

बाबा तर सांगतातच. सदऱ्याचं माप द्यायला आलेल्या माणसाला हात पसरून उभं ठेवतात आणि तुझी बंदरं ऐकवतात.

तर, प्रवेशाचं काय ते कळव. ठरवायचं तूच. इथून हुकूम निघणार नाही.

निकाल मान्य असलेला,
तुझा दादा